नकाशाबाहेर राहिलेला समुद्र

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीतून निघून अरबिंदो मार्ग ओलांडला की जोरबागेतले इंदिरा पर्यावरण भवन पायी जाण्याच्या अंतरावर आहे. केंद्रीय पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्रालयाचे हे मुख्यालय. कोकणचा किनारा इथून हजाराहून अधिक किलोमीटरवर आहे. तरीही भरती-ओहोटीच्या दरम्यान उघडी पडणारी जमीन आणि तिच्यापुढचा बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र यांत काही बांधायचे असेल, तर त्याची किनारा नियमन मंजुरी याच इमारतीतून निघते. २०१९ च्या अधिसूचनेने किनाऱ्याच्या चार वर्गांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातल्या, म्हणजे मुख्यतः शहरी व ग्रामीण जमिनीवरच्या प्रकल्पांचे अधिकार राज्यांकडे दिले. पहिला आणि चौथा वर्ग केंद्राने स्वतःकडे ठेवला. हे अंतर मला स्वतःमध्ये दोषास्पद वाटत नाही. स्थानिक हितसंबंधांचा दाब राज्य सरकारांवर अधिक असतो, आणि दूरचा निर्णयकर्ता काही वेळा अधिक निःपक्ष राहू शकतो. मला काळजी वाटते ती किनारा या इमारतीत कोणत्या रूपात पोहोचतो याची.

कायद्याच्या चौकटीत त्याला दोन वाटा आहेत. पहिली अधिकृत संशोधनाची: कमाल भरतीरेषा चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने आखायची, तिच्या आधारे राज्याने किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा तयार करून घ्यायचा, आणि मोठ्या प्रकल्पासाठी पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवाल करायचा. दुसरी वाट जनसुनावणीची. १९ फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेपासून २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांपर्यंत पाहिले, तर मच्छीमारांचा उल्लेख वाढत गेलेला दिसतो. त्यांच्या वसाहती, मासळी सुकवण्याच्या जागा, जेट्ट्या, बर्फाचे कारखाने, इतकेच नव्हे तर पाण्यातली मासेमारीची क्षेत्रे आणि माशांच्या प्रजननाच्या जागाही आराखड्यात दाखवाव्यात, असे अधिसूचनाच सांगते. तरतूद म्हणून हे बरेचसे पूर्ण आहे. पण या दोन वाटा प्रत्यक्षात एकत्र येत नाहीत. संशोधन आधी होते आणि माहिती असलेला माणूस नंतर, हरकतदार म्हणून बोलावला जातो. त्यातून काही चुकीचे निर्णय होतात हे उघड आहे. त्याहून गंभीर असा एक परिणाम मात्र अजून पुरेसा ओळखला गेलेला नाही: किनाऱ्याचे काय होते आहे हे सांगू शकणारी निरीक्षणयंत्रणाच त्यातून नाहीशी होते.

यंत्रणा म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी मापनापासून सुरुवात करावी लागेल. भारताच्या किनाऱ्याची लांबी अनेक दशके सुमारे ७,५१६ किलोमीटर मानली जात होती. २०२४ मध्ये ती ११,०९८ किलोमीटरवर गेली, आणि महाराष्ट्राचा किनारा ६५२ वरून सुमारे ८७८ किलोमीटर झाला. किनारा वाढला नाही, मोजणीचे प्रमाण सूक्ष्म झाले. जुन्या मोजणीत ज्या खाड्या आणि वळणे सरळ रेषेत बुडून गेली होती, ती नव्या मोजणीत सापडली. हीच गोष्ट आराखड्यांना लागू होते. २५ हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. जवळा किंवा मांदेली सुकवण्याचे दहा मीटर रुंदीचे खळे त्या नकाशावर ०.४ मिलिमीटर होते. सीमारेषा काढणाऱ्या पेनाची जाडीच त्याहून जास्त असू शकते. चार हजारास एक या गावपातळीच्या नकाशावर तेच खळे अडीच मिलिमीटरचे होते, म्हणजे दिसू शकते. पण नकाशा मोठा केला म्हणून ते आपोआप उमटत नाही. उपग्रहाच्या चित्रात खळे आणि मोकळे मैदान यांत फरक नसतो; पावसाळ्यानंतर त्यावर बांबूंच्या वलांड्या उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबील लटकतात, हे कोणीतरी जाऊन पाहिलेले किंवा विचारलेले असावे लागते. विचारले नाही, तर ती जागा नकाशात मोकळी राहते, पुढच्या अर्जात ‘वापराविना पडून असलेली’ ठरू शकते, आणि त्यानंतरच्या मंजुरीत तो आधीचा नकाशाच पुरावा म्हणून जोडला जातो.

पाण्यात ही अडचण आणखी वाढते, कारण समुद्राला सातबारा नाही. कोणत्या कोळीवाड्याची जाळी कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात, किती खोलीवर लागतात याची महसुली नोंद नसते. मासळीची जी आकडेवारी आपल्याकडे आहे, आणि केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने दीर्घकाळ सातत्याने गोळा केलेली ही आकडेवारी जगातल्या चांगल्या नोंदींमध्ये मोडते, ती मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर नमुना पद्धतीने घेतलेली असते. मासळी कुठे उतरली हे ती सांगते, कुठे पकडली हे सांगत नाही. राज्याचा किंवा जिल्ह्याचा कल जाणून घेण्यासाठी ही पद्धत योग्य आहे. परंतु एखाद्या विशिष्ट चौदाशे हेक्टर पाण्यात भराव टाकला तर किती उत्पादन जाईल, हा प्रश्न तिला विचारता येत नाही, कारण ती त्यासाठी रचलेलीच नाही. शिवाय ओहोटीच्या वेळी खडकांवरून कालवे फोडणाऱ्या, चिखलातून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची मासळी बहुतेक वेळा कोणत्याही बंदरात उतरत नाही. ती टोपलीतून थेट घरी किंवा आठवड्याच्या बाजारात जाते आणि आकडेवारीत शून्य म्हणून राहते. (इथे दिल्लीत आयएनए बाजारात बर्फात आलेला पापलेट विकत घेताना तो सातपाटीचा की वेरावळचा, हे विक्रेत्यालाही सहसा सांगता येत नाही. मालाबरोबर भाव येतो. जागेची माहिती वाटेत गळते.)

आता डोल जाळ्याचे उदाहरण घेऊ, कारण स्थानिक ज्ञान हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो आणि त्यामुळे त्याला एक भावुक छटा येते. डोल हे पिशवीसारखे जाळे समुद्रतळाशी ठोकलेल्या खुंटांना बांधलेले असते. ते माशामागे जात नाही. भरती-ओहोटीचा प्रवाह त्यातून वाहतो आणि त्याबरोबर बोंबील, करंदी, जवळा आत येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरात असतो तेव्हा जाळे काम करते. अष्टमीच्या आसपासच्या भांगात ते मंदावते. म्हणजे एकाच ठिकाणी, दर पंधरवड्याला, वर्षानुवर्षे प्रवाहाचा वेग, दिशा आणि त्यातून वाहणारे जीव यांचे निरीक्षण होत असते, आणि चूक झाली तर निरीक्षकाच्याच उत्पन्नाला फटका बसतो. आघात मूल्यांकनासाठी प्रवाहमापक यंत्र काही ठरावीक बिंदूंवर, एखाद्या किंवा काही हंगामांत, मर्यादित दिवस ठेवले जाते. यंत्राची अचूकता निर्विवाद जास्त. पण कालावधी आणि जागा यांच्या बाबतीत डोलकराचे निरीक्षण अतुलनीय दाट. एकाजवळ सेंटिमीटरपर्यंतची संख्या आहे आणि दुसऱ्याजवळ तीस-चाळीस वर्षांचा पल्ला. कोणत्याही संख्यात्मक प्रतिमानाची कसोटी लागण्यासाठी हे दोन्ही हवे असतात. प्रतिमानाने दाखवलेला प्रवाह डोलकराच्या अनुभवाशी जुळत नसेल, तर चूक कोणाची हे शोधण्यातूनच खरे संशोधन सुरू होते. आपल्या व्यवस्थेत ही तुलना कोणत्याच टप्प्यावर बंधनकारक नाही.

अशी तुलना झाली तर काय होते, हे वरळीत दिसले. मुंबईच्या किनारी रस्त्याला २०१७ मध्ये किनारा नियमन मंजुरी मिळाली. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णयप्रक्रियेतल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवून ती रद्द केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुढे गेले. या रस्त्याला वांद्रे-वरळी सागरी सेतूशी जोडणाऱ्या पुलाचे खांब वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडण्याच्या वाटेवर येत होते. खांबांमधले अंतर ६० मीटर ठरले होते. कागदावर हे भरपूर वाटते, कारण तिथली मासेमारी बोट काही मीटरच रुंद असते. पण तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाचा, हिशेब बोटीच्या रुंदीपासून सुरू होत नाही. मागून येणारी लाट बोटीला आडवी फिरवू पाहते. सुकाणूला पकड हवी तर वेग कमी करता येत नाही. खांबावर आपटून परतणारी लाट समोरच्या लाटेत मिसळून पाणी अस्ताव्यस्त होते. समोरून दुसरी बोट येत असते. आणि इंजिन बंद पडले तर खडक आणि खांब यांच्यामध्ये वाहत जाण्याइतकी मोकळी जागा लागते. म्हणजे एका बाजूचे माप शांत पाण्यातल्या बोटीचे होते, दुसऱ्या बाजूचे बिघडलेल्या दिवसातल्या बोटीचे. अभियांत्रिकीच्या स्वतःच्याच तत्त्वानुसार दुसरे माप बरोबर आहे, कारण पूल शांत दिवसासाठी बांधत नाहीत. कोळ्यांनी काम रोखून धरले, वाटाघाटी झाल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मधला आठव्या क्रमांकाचा खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचे राज्य सरकारने मान्य केले.

या यशाचा अर्थ मर्यादेतच घ्यायला हवा. जे ज्ञान पाच वर्षांनंतर, आंदोलनातून आणि आराखडा बदलण्याचा खर्च वाढल्यावर स्वीकारले गेले, ते सुरुवातीला एका दिवसाच्या बैठकीत उपलब्ध होते. शिवाय वरळीचे प्रकरण अपवादात्मक अनुकूल होते: मागणी एका संख्येत मांडता येत होती, कोळीवाडा महानगराच्या नजरेसमोर होता, वास्तुरचनाकार आणि सागरी जीवांचे अभ्यासक सोबत होते. बहुतेक स्थानिक ज्ञान एका संख्येत मावत नाही. अमुक वाऱ्यानंतर गाळ कुठे सरकतो, कोणत्या खडकामागे शेवंड लपते, कोणत्या खाडीच्या तोंडाशी पिल्ले वाढतात, हे सांगणारा माणूस जनसुनावणीत तीन मिनिटे बोलतो, इतिवृत्तात ‘मासेमारीवर परिणाम होण्याची भीती व्यक्त केली’ असे एक वाक्य येते, आणि त्यापुढे प्रकल्पकाराचे उत्तर येते की योग्य नुकसानभरपाई दिली जाईल. माहितीचे रूपांतर भीतीत आणि भीतीचे रूपांतर रकमेत होते. ही कोणाची लबाडी असेलच असे नाही. हरकत-उत्तर या कोष्टकाची रचनाच तशी आहे.

पालघर जिल्ह्यात हे मोठ्या प्रमाणावर घडताना दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवण येथील बंदराचा तेव्हाचा प्रस्ताव नाकारला. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अटींसह संमती दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यावरणीय मंजुरी, जूनमध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता, आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत येणार आहे. देशाला खोल पाण्याच्या बंदराची गरज आहे की नाही हा वेगळा, गंभीर प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मच्छीमारांच्या ज्ञानातून येणार नाही. इथे प्रश्न पुराव्याचा आहे. या प्रकल्पासाठी अभ्यास कमी झाले असे म्हणता येणार नाही. लाटा, गाळ, जैवविविधता, मत्स्यव्यवसाय असे विषय नावाजलेल्या संस्थांनी अभ्यासले. परंतु प्रत्येक संस्थेने तिला दिलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. प्रवाह वळला तर गाळ कुठे बसेल, गाळ बसला तर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरचे कोणते जीव जातील, ते गेले तर कोणत्या गावच्या कोणत्या घरांचे कोणत्या महिन्याचे उत्पन्न जाईल, ही साखळी जोडणे हे कोणाचेच काम नव्हते. आणि अशी साखळी ज्यांच्या रोजच्या व्यवहारात आधीच जोडलेली आहे, ते साक्षीदार नव्हते, पक्षकार होते.

अशा विभागणीतून काय होऊ शकते याची नोंद इतिहासात आहे. जुलै १९९२ मध्ये कॅनडाला न्यूफाउंडलंडजवळची कॉड माशाची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचे काम गेले. त्याआधी काही वर्षे किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार सांगत होते की कॉड लहान होत चालला आहे आणि किनाऱ्याकडे येईनासा झाला आहे. सरकारी अंदाज मात्र दूरच्या मोठ्या ट्रॉलरांच्या आकडेवारीवर बराच अवलंबून होते, आणि ट्रॉलरांची पकड चांगली राहिली होती, कारण संख्या घटत असताना उरलेला मासा ठरावीक जागी दाट गोळा होत होता आणि ट्रॉलरांची शोधयंत्रे सुधारत होती. आकडे खोटे नव्हते. ज्या ठिकाणी घट आधी दिसणार होती, तिथून आकडे घेतले जात नव्हते. बंदी दोन वर्षांसाठी होती. ती उठायला २०२४ उजाडले.

याचा अर्थ मच्छीमार म्हणेल ते खरे, असा मुळीच नाही. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये मांडले की मत्स्यशास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातला समुद्र हाच मूळ समुद्र मानते, त्यामुळे दीर्घकाळची घट कोणालाच पूर्ण दिसत नाही; मच्छीमारही याला अपवाद नाहीत. स्थानिक ज्ञान एकजिनसीही नसते. सिंधुदुर्गात किनाऱ्यावरून रापण ओढणारे आणि यांत्रिक बोटींवरून पर्ससीनचे मोठे जाळे टाकणारे दोघेही स्थानिक आहेत, आणि मासळी कमी का झाली याची त्यांची कारणे परस्परविरोधी आहेत. तिथे शास्त्रीय पंच लागतोच. पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारींनंतर राज्याने डॉ. सोमवंशी समिती नेमली आणि तिच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर हंगाम आणि संख्येची बंधने आली; अंमलबजावणी कमकुवत राहिली हे खरे, पण तक्रार, तपासणी आणि नियम असा क्रम शक्य आहे हे त्यातून दिसते. स्थानिक ज्ञानाला मान द्यायचा तो त्याला प्रश्न विचारून, त्याची छाननी करून. टाळ्या वाजवून फोल्डरात ठेवणे हा मान नव्हे.

मात्र छाननीला वेळ मर्यादित आहे, आणि माझी मुख्य काळजी इथे आहे. अहवाल कपाटात राहतो. व्यवहारातले ज्ञान व्यवहार थांबला की एका पिढीत संपते. गोव्याच्या खाजणांनी हे दाखवले आहे. सुमारे १८ हजार हेक्टरांची ही खारी जमीन मातीचे बांध आणि मानशीची, म्हणजे भरतीचे पाणी अडवण्या-सोडण्याची, दारे यांच्या आधाराने शतकानुशतके भात आणि मासळी देत होती. कोणत्या भरतीला दार लावायचे, बांधाला चिखल कुठला घालायचा, भगदाड पडले तर कोणी किती माणसे द्यायची, हे सारे गावकारीच्या, म्हणजे गावाची जमीन सामूहिकपणे सांभाळणाऱ्या, संस्थेत बांधलेले होते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर, जो न्यायाच्या दृष्टीने आवश्यकच होता, देखभालीची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली, पण जुन्या संस्थेची शिस्त आणि निधी त्यांच्याकडे तसाच गेला नाही. बांध फुटू लागले, शेतांत खारे पाणी आणि त्यामागून कांदळवन आले. २०११ च्या अधिसूचनेने खाजणांचे नकाशे करायला सांगितले तोवर अनेक ठिकाणी खाजण ओळखण्याची खूणच बदलून गेली होती.

आता हीच प्रक्रिया समुद्राला लावून पाहा. मासेमारीचे क्षेत्र भरावाखाली गेले किंवा जहाजांच्या मार्गात आले की तिथे जाळे लागत नाही. जाळे लागत नाही म्हणून तिथल्या प्रवाहाचे, गाळाचे, माशांचे रोजचे निरीक्षण थांबते. डोलकराचा मुलगा बंदरात किंवा शहरात नोकरीला जातो. त्यात गैर काही नाही, पण तीस वर्षांच्या निरीक्षणाची मालिका तिथे तुटते. दहा वर्षांनी प्रकल्पोत्तर देखरेखीचा अहवाल होईल, त्यात आजच्या मूल्यांकनातली आधाररेषा घेऊन तुलना केली जाईल, आणि जे आधाररेषेत नव्हते त्याची हानी त्या तुलनेत निघूच शकणार नाही. ‘लक्षणीय परिणाम आढळला नाही’ हे वाक्य तेव्हा प्रामाणिकपणे लिहिले जाईल. ते खोडून काढायला लागणारा पुरावा ज्यांच्याकडे असता, ते लोक त्या पाण्यात गेलेले नसतील. आणि या ‘परिणाम नाही’चा दाखला पुढच्या बंदरासाठी दिला जाईल. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ च्या अभ्यासानुसार देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा कमी-अधिक धुपतो आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण एक चतुर्थांश आहे. अशा अस्थिर किनाऱ्यावर निरीक्षक कमी करत जाणे परवडणारे नाही.

उलट दिशेची उदाहरणे लहान आहेत, पण त्यांतून पद्धत कळते. कोकणातल्या वेळास गावी २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि भाऊ काटदरे यांनी गावकऱ्यांबरोबर कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी अंडी शोधणाऱ्या माणसाचीच नजर घरटी वाचवण्यासाठी उपयोगी पडली, आणि किनाऱ्यावर रोज पहाटे चालणारा माणूस गावोगाव तयार झाला. ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक ऑलिव्ह रिडले कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली आणि पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगळी असल्याच्या समजुतीला तडा गेला, हे शक्य झाले ते किनाऱ्यावर माणूस उभा होता म्हणून. तिथे संशोधन आणि गाव यांचा क्रम एकामागून एक नव्हता.

मासेमारीच्या क्षेत्रांसाठी असेच करायचे तर आराखड्याचा मसुदा निघण्याआधी प्रत्येक कोळीवाड्याबरोबर महिनावार नकाशे करावे लागतील, प्रवाहमापनाचे बिंदू ठरवताना डोलकरांच्या खुंटांच्या जागा लक्षात घ्याव्या लागतील, आणि प्रतिमान व अनुभव यांतली तफावत अहवालात लेखी नोंदवावी लागेल. यात तांत्रिक अडचण फारशी नाही. खरी अडचण विश्वासाची आहे आणि ती रास्त आहे. चांगली मासळी देणाऱ्या जागा तांडेल शेजारच्या बोटीलाही सांगत नाही. त्या अक्षांश-रेखांशासह सार्वजनिक झाल्या, तर पहिल्या हंगामातच पर्ससीनची आणि बेकायदा एलईडी दिव्यांची बोट तिथे पोहोचेल, आणि त्याच नकाशावरून प्रकल्पकार भरपाईची यादी लहान करू शकेल. म्हणून ही माहिती कोणाच्या ताब्यात राहील, कोणत्या बारकाव्यापर्यंत उघड होईल, ती देणाऱ्या गावाला ती मागे घेण्याचा अधिकार असेल का, हे आधी कायद्यात ठरायला हवे. आज अधिसूचना मासेमारी क्षेत्रे दाखवा एवढेच म्हणते. त्यांच्या मालकीविषयी आणि गोपनीयतेविषयी ती गप्प आहे. ही तरतूद जोरबागेतूनच होऊ शकते, आणि ती होईपर्यंत कोळीवाड्यांनी आपला समुद्र नकाशाबाहेर ठेवला, तर त्यांना दोष देता येणार नाही.